जपमाळ सुरू झाली आणि मेहुणे उठून बाहेर गेले

जेलरोडकर

जय ख्रिस्त. आईला जाऊन तीन आठवडे झाले. सातव्या दिवशी संध्याकाळी नाशिकला जेल रोडच्या घरी बायका जपमाळेला बसल्या. पहिलं 'नमो मरिया', म्हणजे येशूच्या आईला केलेली प्रार्थना, झालं आणि माझे मेहुणे उठून बाहेर गेले. आम्ही कॅथलिक, बायकोचं माहेर शरणपूरचं, प्रॉटेस्टंट. याच मेहुण्यांनी आईच्या उशाशी दोन रात्री जागून काढल्या होत्या, तेव्हा माया कमी होती असं मी म्हणणार नाही. नंतर फाटकापाशी म्हणाले, "दाजी, आई प्रभूजवळ गेल्या. आता एका मेलेल्या बाईला त्यांच्यासाठी विनवण्या कशाला?"

तेव्हा माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. आज लिहितो.

'नमो मरिया'चा पहिला भाग आमच्या पदरचा नाही. तो गब्रिएल देवदूताचा आणि मरियेची नातलग अलीशिबा हिचा, लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातला. दुसऱ्या भागात आम्ही मागतो काय? आम्हा पाप्यांसाठी प्रार्थना कर, आता आणि मरणाच्या वेळी. 'तार' नाही, 'क्षमा कर' नाही. प्रार्थना कर.

आई अत्यवस्थ होती तेव्हा मेहुण्यांनी स्वतः त्यांच्या पाळकांना फोन करून "प्रार्थना करा" असं सांगितलं. त्या वेळी 'देव आणि माणसं यांच्यात मध्यस्थ एकच, ख्रिस्त' हे वचन आड आलं नाही, आणि येऊही नये. 1 तीमथ्य 2:5 आपण सगळे तोंडपाठ म्हणतो, पण त्याच अध्यायाचं पहिलं वचन सर्व माणसांसाठी विनंत्या, प्रार्थना, रदबदली करायला सांगतं. पौलाला दोन्हींत विरोध दिसला नाही. मग पाळकांना सांगितलेलं चालतं आणि प्रभूच्या आईला सांगितलेलं चालत नाही, ते केवळ ती या जगात नाही म्हणून. म्हणजे भांडण मरियेवरून नाही, मरणावरून आहे. ख्रिस्तात गेलेलं माणूस मंडळीतून गळतं का? मला वाटतं, नाही. देव मेलेल्यांचा नव्हे, जिवंतांचा आहे, त्याला सर्वच जिवंत आहेत, असं प्रभूच म्हणाला (लूक 20:38).

शरणपूर रोड

मी तुमचा मेहुणा नाही, पण त्या जागी असतो तर मीही उठलो असतो. आईंना जाऊन थोडेच दिवस झालेत, म्हणून जपून लिहितो.

माझ्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा देव्हाऱ्यातले टाक गोदावरीत सोडले. गावाने विहिरीचं पाणी बंद केलं. त्यांनी जे सोडलं ते काय होतं? हार, नवस, पालखी, मूर्तीपुढे डोकं टेकणं. आज बांद्र्याला मोत माउलीच्या, म्हणजे मरियेच्या, जत्रेत लोक मेणाचे हात, पाय, बाळ, घर विकत घेऊन वाहतात. ती मेणाचं घर वाहणारी बाई "माझ्यासाठी प्रार्थना कर" म्हणत असते, की "मला घर दे"? तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला फरक कळतो. तिला कोण सांगतं? मोशेने देवाच्याच आज्ञेने केलेला पितळेचा साप लोक धूप दाखवायला लागल्यावर हिज्कीया राजाने फोडून टाकला (2 राजे 18:4). वस्तू मुळात चांगली होती, एवढ्याने तो थांबला नाही.

दुसरं. पाळक फोन उचलतात तेव्हा ऐकतात. मरियेला एकाच घटकेला जेल रोड, मेक्सिको आणि फिलिपीन्स ऐकू येतं असं म्हटलं, तर देवाचा गुण तुम्ही तिला देऊन टाकला. त्याला नुसता मान म्हणता येत नाही.

रविवारशाळा

आईंच्या जाण्याचं वाईट वाटलं, दादा. मी मंडळीत मुलांना शिकवते. आमच्याकडे मरिया नाताळला येते आणि नाताळच्या नाटकाबरोबर तिचं सामान पेटीत जातं. हे चुकतं, मी कबूल करते. 'ह्यापुढे सर्व पिढ्या मला धन्य म्हणतील' (लूक 1:48) हे वचन आमच्याही बायबलमध्ये आहे आणि आम्ही ते पाळत नाही.

पण धन्य म्हणणं आणि तिच्याकडे मागणं यांत अंतर आहे. प्रेषितांची कृत्ये 1:14 मध्ये ती माडीवर शिष्यांबरोबर प्रार्थना करताना दिसते. त्यांच्याबरोबर, त्यांच्या वर नाही. पुढे पौलाच्या एकाही पत्रात तिचं नाव नाही. गलतीकरांत 'स्त्रीपासून जन्मलेला' एवढंच. मंडळ्यांत भांडणं, दुष्काळ, छळ, आजार, सगळं आहे, आणि कोणीही कुणाला "मरियेला सांगा" म्हणत नाही. इतकी उपयोगाची गोष्ट प्रेषित सांगायचे राहिले असतील का?

आणखी एक मनातलं. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी आपल्या अभंगांत ख्रिस्तालाच माउली म्हटलं. आईची माया मला तिथेच मिळते. तिच्यासाठी दुसरं दार ठोठवावं असं कधी वाटलं नाही.

जेलरोडकर

टिळकांचं वाचून मी बराच वेळ थांबलो. ख्रिस्त माउली आहे याला माझं एका अक्षरानेही दुमत नाही. पण त्याच माउलीने वधस्तंभावर, श्वास घेणं कठीण असताना, शिष्याला म्हटलं, "पाहा, ही तुझी आई" (योहान 19:27). तुम्ही म्हणाल, ती घरगुती व्यवस्था होती, विधवा आईची सोय. होतीच. पण योहान आपल्या शुभवर्तमानात त्या शिष्याचं नाव लिहीत नाही, 'ज्याच्यावर येशूची प्रीती होती तो' म्हणतो, आणि त्या जागी आपण प्रत्येकजण स्वतःला बघतो. मग वाक्याचा पुढचा अर्धा भाग मात्र दुसऱ्या कुणाचा कसा?

शरणपूर रोड, ऐकू येण्याबद्दल. तिच्या स्वतःच्या कानांचं बळ आहे असं आम्ही मानत नाही. एक पापी पश्चात्ताप करतो तेव्हा देवदूतांसमोर आनंद होतो (लूक 15:10). इथलं तिथे कळतं ते देव कळवतो म्हणून. प्रकटीकरण 5:8 मध्ये स्वर्गातले चोवीस वडील कोकऱ्यापुढे, म्हणजे ख्रिस्तापुढे, धुपाच्या वाट्या धरून आहेत, आणि तो धूप म्हणजे पवित्र जनांच्या प्रार्थना. त्या वाट्या कोकऱ्यापुढेच धरल्यात, वडिलांनी स्वतःकडे ठेवल्या नाहीत.

मेणाच्या घराबद्दल तुम्ही बोललात ते खरं आहे, आणि मला ते बोचतं. चौथ्या शतकात सायप्रसचे बिशप एपिफानियस यांनी मरियेला भाकरी अर्पण करणाऱ्या बायकांना खडसावलं होतं: मरियेला मान द्या, उपासना पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याची. 787 च्या नायसियाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने हाच भेद ठरवून दिला. अगदी अलीकडे, 4 नोव्हेंबर 2025 ला, रोमने मरियेला 'सह-तारणकर्ती' म्हणणं उचित नाही असं स्पष्ट लिहिलं, कारण तारणारा एकच. म्हणजे हिज्कीयाचं काम आमच्याकडेही चालू असतं. पण त्याने साप फोडला, मोशेला मंडळीतून काढलं नाही.

उपनगर

मी कॅथलिक घरात वाढलो, आता फेलोशिपला, म्हणजे प्रॉटेस्टंट प्रार्थनासभेला, जातो. माझा अनुभव लिहितो, राग मानू नका. आमच्या घरी रोज रात्री जपमाळ व्हायची आणि बायबल कपाटात काचेआड असायचं. सोळा वर्षांचा होईपर्यंत मी रोमकरांस पत्र उघडलं नव्हतं. परीक्षा आली की मरियेला नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), नोकरी हवी तरी नोव्हेना. येशूशी मी थेट कधी बोललोच नाही, तो मला मोठा साहेब वाटायचा आणि ती चिठ्ठी आत नेणारी. पहिल्यांदा एकट्याने "प्रभू" म्हणून हाक मारली त्या दिवशी मी रडलो. तुमची परिषद काय म्हणते ते असू दे. माझ्या घरात तिने त्याची जागा घेतली होती.

देवळाली कॅम्प

उपनगर, बाळा, तुझ्या घरी झालं ते चुकलं. पण जपमाळ ही बायबलला पर्याय म्हणून आलीच नाही. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्या हातात ते शुभवर्तमान होतं. माझ्या सासूबाई निरक्षर होत्या. दुःखाची रहस्यं, म्हणजे येशूच्या दुःखातले पाच प्रसंग, त्या मण्यांवर म्हणत: गेथशेमाने, फटके, काट्यांचा मुकुट, क्रूस वाहणं, मरण. पाचही येशूची. जॉन पॉल दुसरे यांनी 2002 मध्ये प्रकाशाची पाच वाढवली, त्यांत यार्देन नदीतला बाप्तिस्मा आणि काना गावचं लग्न, जिथे येशूने पाण्याचा द्राक्षारस केला, ते आहे. बोटं मरियेचं नाव घेतात आणि डोळे त्याच्याकडे असतात, असं माझ्या सासूबाईंकडे बघून मला समजलं.

उपनगर

काकू, तुमच्या सासूबाईंसारखी आमची आजी असती तर मी कदाचित गेलो नसतो. पण नव्हती.

देवळाली कॅम्प

काना गावच्या लग्नाचंच बघ ना. द्राक्षारस संपला हे तिने आधी पाहिलं. आणि शलमोन राजाने आपल्या आईसाठी उजवीकडे आसन मांडलं, तिला नमन केलं (1 राजे 2:19). राजाच्या आईचा तो मान.

शरणपूर रोड

काकू, तो अध्याय पुढे वाचा. शलमोनाची ती आई, बथशेबा, त्याच्या सावत्र भावासाठी, अदोनीयासाठी, रदबदली करायला आली होती. शलमोनाने ती मानली नाही, आणि ज्याच्यासाठी ती बोलली तो त्याच दिवशी मारला गेला. मध्यस्थीसाठी हा दाखला तुमच्याच विरुद्ध जातो. काना गावी आईने द्राक्षारस संपल्याचं सांगितलं तेव्हा प्रभूचं पहिलं उत्तर काय? "बाई, ह्यात तुझा माझा काय संबंध?" आणि कुणी त्याच्या आईला धन्य म्हटलं तेव्हा तो म्हणाला, देवाचं वचन ऐकून पाळणारे ते धन्य (लूक 11:28).

जेलरोडकर

शलमोनाचा दाखला मीही वापरत नाही. तुमचं बरोबर आहे.

लूक 11 मात्र सोडणार नाही. वचन ऐकून पाळणारे धन्य, तर त्या यादीत पहिलं नाव कुणाचं? अलीशिबा तिला 'जिने विश्वास ठेवला ती धन्य' म्हणते (लूक 1:45). मरियेने प्रभूला उदरात वाढवलं त्याहून त्याच्यावर विश्वास ठेवला यात ती अधिक धन्य, हे बिशप ऑगस्टिनने पाचव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलं. प्रभूने तिला बाजूला सारलं नाही, ती धन्य कशामुळे ते सांगितलं. आणि काना गावी त्या उत्तरानंतर ती वाद घालत नाही. नोकरांना म्हणते, "हा तुम्हांला जे काही सांगेल ते करा." त्यानंतर तिचं एकही वाक्य बायबलमध्ये नाही. ज्या भक्तीतून हे वाक्य ऐकू येत नाही ती उपनगरच्या घरात झाली तशी आडवी येते. ज्या भक्तीतून येतं ती मला सोडवत नाही.

रविवारशाळा

प्रेषितांच्या पत्रांत मरियेबद्दल मौन आहे असं मी लिहिलं, त्याचं उत्तर राहिलं, दादा. आणि एक भाषेचं विचारते. 'नमो मरिया'त तुम्ही तिला 'कृपापूर्ण' म्हणता, आमच्या बायबलमध्ये गब्रिएल 'कृपा पावलेल्या स्त्री' म्हणतो. कृपा पावलेली म्हणजे घेणारी. मला हाच शब्द खरा वाटतो. इफिसकरांस 1:6 मध्ये तेच ग्रीक क्रियापद आपल्या सर्वांसाठी आलं आहे.

जेलरोडकर

मौनाचं पुरतं उत्तर माझ्यापाशी नाही. पत्रांत ते नाही, हे खरं. पवित्र आत्मा मंडळीला हळूहळू समज देतो असं मी धरतो, तुम्ही धरत नाही, आणि तिथे आपल्या वाटा फुटतात. शब्दाबद्दल मात्र मी तुमच्याजवळ आहे. 'कृपापूर्ण' मलाही तिच्या स्वतःच्या साठ्यासारखा नको. भरलेलं भांडं भरणाऱ्यामुळेच भरतं.

काल मेहुण्यांना फोन केला. येत्या शनिवारी चर्चमध्ये आईची महिन्याची मिस्सा (उपासनाविधी) आहे, नंतर घरी प्रार्थना. लूकचा पहिला अध्याय 26 पासून 56 पर्यंत तुम्ही वाचा म्हटलं. बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "वाचतो, दाजी. पण आमच्या बायबलमधून." मी हो म्हटलं. जपमाळ त्यानंतर होईल. बसणार का, ते मी विचारलं नाही.