अंताल्याला आई-बाबांना घेऊन जातोय, स्वस्तात कुठे राहू? (सल्ला हवा)

काळा_चहा
नमस्कार मंडळी, जरा अडलोय म्हणून धागा काढतोय. आम्ही स्टुटगार्टला असतो, आई-बाबा सांगलीहून अडीच महिन्यांसाठी आलेत आणि ऑक्टोबरच्या शेवटी लेकीला शाळेची सुट्टी आहे. इकडचे जर्मन उठसूट तुर्कस्तानातल्या ज्या अंताल्याला जातात ते एकदा बघूच म्हणून विमानाची तिकिटं स्वस्त दिसल्याबरोबर काढून टाकली, आणि आता हॉटेल शोधायला बसलोय तर तीन रात्री झाल्या तरी काही ठरत नाहीये. बायको म्हणते तिकिटं काढताना यातला निम्मा तरी विचार करायचास.

पाच जण, सहा रात्री, दोन खोल्या. दोन्ही मिळून दिवसाला शंभर युरोच्या वर जायचं नाही, नाश्ता त्यात आला तर सोन्याहून पिवळं. बाबांचा उजवा गुडघा कुरकुरतो, आई शाकाहारी आहे आणि तिला उठल्या उठल्या दुधाचा चहा लागतो (माझ्या आयडीवर हसू नका). लेकीला समुद्र पाहिजे, मला जुनं गाव, गल्ल्याबोळ. राहायला अंताल्यातल्या कालेइची, कोन्याआल्ती आणि लारा या तीन भागांची नावं सारखी समोर येतायत. कोणी स्वतः राहिलंय का?

भटकभवानी
मी राहिलेय, दोनदा, दोन्ही वेळा कालेइचीत. एकदा मस्त आणि एकदा फजिती, दोन्ही सांगते.

कालेइची म्हणजे शब्दशः किल्ल्याच्या आत, जुन्या तटबंदीतलं गाव. ऑटोमन काळातली घरं, वरचा लाकडी मजला गल्लीवर पुढे आलेला, आणि त्यातल्या बऱ्याच घरांची आता पान्सियोन झालीयेत. आपल्याकडे कोकणात घरगुती राहायची सोय असते ना तोच प्रकार, आठ-दहा खोल्या, मधे अंगण, अंगणात संत्र्याचं झाड आणि त्याखाली मांजर, मालक किंवा मालकीण स्वतः नाश्ता वाढते. ऊचकापलार म्हणजे तीन कमानींचा हेड्रियनचा दरवाजा, हा रोमन बादशहा इ. स. १३० मध्ये गावात आला त्याच्या मानासाठी बांधलेला, त्यातून जाताना खाली बघ, फरशीत गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खाचा अजून दिसतात. मी तिथे उकिडवी बसून बोट घालून बघितलं होतं, मागून एक जर्मन ग्रुप खोळंबला.

आता फजिती. दुसऱ्या वेळी फोटोतली गच्ची बघून बुक केलं, खोली निघाली वरच्या मजल्यावर आणि लाकडी जिना असा उभा की बॅग छातीशी धरून एकेक पायरी चढावी लागली. या घरांना लिफ्ट शक्यतो नसतेच, कुठून बसवणार. खाली गल्लीत बार, रात्री दोनपर्यंत धडधड. आणि गरम पाणी, तिथे छपरांवर सगळीकडे सौर बंब असतात, म्हणजे संध्याकाळी पाणी चटका बसेल इतकं गरम पण सकाळी सहाला आंघोळ उरकायची आपली खोड, नळ सोडला तर बर्फ. मालकाकडे गेले तर त्याने शांतपणे बोट वर करून सांगितलं, सूर्य येऊ दे. हॉटेलचं नाव सांगत नाही, माणूस चांगला होता.

तेव्हा बुक करायच्या आधी सरळ मेसेज टाकून तीन गोष्टी विचार: तळमजल्यावरची खोली आहे का, ती अंगणाच्या बाजूला उघडते की गल्लीत, आणि बंबाला विजेची जोड आहे का. उत्तर किती वेळात आणि कसं येतं त्यावरून अर्धं हॉटेल कळतं. तारेबिरे बघत बसू नकोस, बाबांच्या गुडघ्याला तारे काही कामाचे नाहीत.

नगरी_नग
तुर्कस्तानच का पण? त्यांनी पाकिस्तानची बाजू घेतली म्हणून मे २०२५ मध्ये पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तिथली सफरचंदं घेणं बंद केलं होतं, आणि आपण तिकडे जाऊन युरो द्यायचे. ग्रीसला जा की.

काळा_चहा
@नगरी_नग भावना समजू शकतो, घरीही यावर एक संध्याकाळ गेलीये. तिकिटं परत होत नाहीत, यापुढे बोलायला माझ्याकडे काही नाही.

@भटकभवानी ताई, एकदम कामाचं. गुडघ्यासाठी गल्ल्या कशा आहेत? आणि समुद्र किती लांब?

भटकभवानी
गल्ल्या दगडी, गुळगुळीत, आणि बंदराकडे उतार. सावकाश चाललं तर जमतं पण चाकांची बॅग ओढली की सगळं गाव जागं होतं. गाड्या सगळीकडे आत सोडत नाहीत, टॅक्सीवाला तटापाशी उतरवून मोकळा होईल, त्यामुळे दरवाज्याच्या जवळचंच हॉटेल बघ, बंदराजवळचं नको, नाहीतर रोज संध्याकाळी बाबांना चढण.

समुद्र म्हणशील तर शहर आहे कड्यावर, वरून पाणी दिसतं पण पाय बुडवायचे तर उतरावं लागतं. जुन्या बंदराच्या कडेला मेर्मेर्ली नावाचा इवलासा किनारा आहे, पैसे भरून आत जायचं आणि बऱ्याच पायऱ्या उतराव्या लागतात. लेकीला घेऊन तू जा, बाबांना वर काराआलिओलू बागेत बाकावर बसव, तिथून समोर खाडी आणि पलीकडे डोंगर, तासभर कुठे जातो कळत नाही.

सोलापुरी_चादर
मी जरा वेगळं सांगतो. वयस्कर माणसं बरोबर असताना पान्सियोन वगैरे हौस नको. आम्ही सासू-सासऱ्यांना घेऊन लाराला ऑल इन्क्लुसिव्हमध्ये राहिलो, लिफ्ट, दोन पोहण्याचे तलाव, वाळूचा किनारा, तीन वेळ जेवण, मधे आइस्क्रीम, सासरे एवढे खूश की रोज बुफेचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर. ऑक्टोबरअखेर दर उतरतात, शोधलं तर मिळेल. कोणी कुठे जायचं, काय खायचं, टॅक्सी किती घेईल, कसली कटकट नाही.

एक मात्र खरं सांगतो, अंताल्या शहर आम्ही पाहिलंच नाही. गेटच्या बाहेर रस्ता आणि चामड्याच्या जॅकेटांची दुकानं. सासूबाईंना कोणी विचारलं तुर्कस्तान कसं होतं तर त्या सॅलडबद्दल सांगतात.

चिंचगुळ
+१ शेवटच्या वाक्याला :)

मी कोन्याआल्तीत महिनाभर राहिलोय, लॅपटॉप घेऊन. तिसरा पर्याय हाच. ही नेहमीची वस्ती आहे, रुंद फुटपाथ, सपाट, लिफ्टवाल्या इमारती, आणि अपार्ट हॉटेल म्हणजे खोलीला छोटं स्वयंपाकघर जोडलेलं, तुमच्या पैशात आरामात बसेल. आईंचा चहा सुटला! दूध म्हणजे स्युत, कोणत्याही मिग्रोसमध्ये मिळतं. पण चहापत्ती घरूनच न्या, तिथली पत्ती त्यांच्या दोन मजली किटलीत पंधरा-वीस मिनिटं मुरवायची असते, आपल्यासारखी उकळली तर ना रंग ना चव.

किनारा लांबच्या लांब आणि फुकट पण वाळू नाही, गोटे. पाणी दोन पावलांत खोल होतं, ज्येष्ठ मंडळींना आत शिरताना तोल सांभाळावा लागतो. पोरीला पाण्यात घालायचे रबरी बूट घ्या, तिथेच रस्त्यावर मिळतात. ऑक्टोबरअखेर पाणी पोहण्याजोगं असतं, नोव्हेंबर सुरू झाला की पावसाचं काही खरं नाही.

केएल ०८ नंबरची बस कोन्याआल्तीहून जुन्या गावावरून लाराकडे जाते, म्हणजे कुठेही राहिलात तरी बाकी दोन जागा बघता येतात. विमानतळावरून थेट ट्राम आहे, इस्मेतपाशा स्टॉपला उतरलं की कालेइची पायी. टॅक्सीच्या मानाने काहीच पैसे लागत नाहीत, बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवायचं बास. फक्त ट्राम रात्रभर नसते, तुमचं विमान मध्यरात्री उतरत असेल तर हॉटेललाच गाडी पाठवायला सांगा. इस्मेतपाशाहूनच एक्स्पोकडे जाणारी ट्राम आक्सूला जाते आणि तिथून दोनेक किलोमीटरवर पेर्गे आहे, जुनं रोमन शहर, अख्खा खांबांचा रस्ता. त्यासाठी टूरवाल्यांना पैसे देऊ नका, स्टॉपवरून टॅक्सी करा.

जाता जाता, एका बाबतीत निर्धास्त राहा. तुर्की कमोडला आतच पाण्याची तोटी असते, बाजूचा नळ फिरवला की काम झालं. जर्मनीत राहून जे सोसलंत त्याची भरपाई समजा.

मोरपीस
हॉटेल राहू दे, आधी आई-बाबांच्या पासपोर्टवरचं शेंगेनचं (युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक व्हिसाचं) स्टिकर बघा!! तुर्कस्तान शेंगेनमध्ये नाही. त्यावर एंट्रीच्या रकान्यात ०१ लिहिलं असेल तर जर्मनीतून एकदा बाहेर पडलात की परत येता येणार नाही. 'मल्ट' (म्हणजे अनेकदा ये-जा) असं पाहिजे. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाला हे विमानतळावर कळलं, पुढचं विचारू नका.

मल्ट असेल तर चालू शेंगेन व्हिसाच्या आधारावर भारतीय पासपोर्टला तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळतो, एका एंट्रीचा, तीस दिवसांचा. तुम्हाला जर्मन रेसिडेन्स परमिटवर मिळेल. सरकारी साइटच वापरा, पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट टीआर असतं, सर्च केल्यावर वरती जाहिरातीतल्या साइट येतात त्या नुसतंच कमिशन लावतात. आणि आई-बाबांचा प्रवासविमा फक्त शेंगेनपुरता आहे का तेही बघून घ्या, गुडघ्याचं सांगितलंत म्हणून म्हणतेय. तुमच्या जर्मन सिमचं फुकट युरोपियन रोमिंग तिथे चालत नाही, ई-सिम निघायच्या आधी घ्या.

काळा_चहा
@मोरपीस तुमचा प्रतिसाद वाचून जेवता जेवता उठलो. दोघांच्याही स्टिकरवर मल्ट आहे. हुश्श. विमा मात्र फक्त शेंगेनचाच निघाला, आजच वाढवला.

चिंचगुळ
आईंच्या जेवणाचं राहिलं. "एतसिझ" म्हणजे बिनमांसाचं, हा शब्द पाठ करा. पण तेवढ्यावर भागत नाही, मसुराचं सूप आणि बुलगुरचा (गव्हाच्या दलियाचा) भात दिसायला शाकाहारी असतात, आत मांसाचं पाणी असू शकतं, "एत सुयू वार म" असं विचारायचं. डोळे मिटून खायचं ते ग्योझलेमे, बाई पातळ पोळी लाटून तव्यावर बटाटा, पालक नाहीतर चीज घालून भाजते, अगदी आपला पराठा. मेनेमेन म्हणजे टोमॅटो घालून भुर्जी, अंडं चालत असेल तर. अंताल्याचा पियाझ मागा, उकडलेल्या पांढऱ्या घेवड्यावर तिळाची दाट चटणी, बाकी तुर्कस्तानात पियाझ मिळतो पण तिळाची ही चटणी इथलीच, वर अंडं असतं ते नको म्हणून सांगायचं.

सोलापुरी_चादर
बुकिंगचं एक. २०१७ मध्ये तिथल्या कोर्टाने बुकिंग डॉट कॉमवर तिथून तिथलीच हॉटेलं बुक करायला बंदी घातली, तेव्हा उतरल्यावर बघू असं करू नका, घरून करूनच निघा. खोलीच्या दरावर २ टक्के मुक्कामाचा कर असतो (२०२३ पासून), तो धरून भाव सांगितलाय का ते विचारा. एटीएमने युरोत कापू का विचारलं तर नाही, लिरातच.

काळा_चहा
ठरलं. कालेइचीत तळमजल्याच्या दोन खोल्या, दरवाज्यापासून तीन मिनिटं, दोन्ही मिळून ८४ युरो नाश्त्यासकट. पाच ठिकाणी ताईंचे तीन प्रश्न पाठवले होते, दोघांनी उत्तरच दिलं नाही, दोघांनी "नो प्रॉब्लेम सर" एवढंच, एकाने खोलीच्या दारापासून रस्त्यापर्यंतचा व्हिडिओ काढून पाठवला, मधल्या दोन पायऱ्या मोजून दाखवल्या. तिथेच पैसे भरले. आई म्हणते तळमजला म्हणजे डास. ओडोमॉस बॅगेत गेलंय.

काळा_चहा
परत आलो मंडळी, उशिरा लिहितोय. हॉटेल झकास. खोली लहान, दोन बॅगा उघडल्या की पाय ठेवायला जागा नाही, आणि पहाटेच्या अजानने पहिल्या दिवशी दचकून उठलो, दुसऱ्या दिवसापासून बाबा त्यावर उठून अंगणात जाऊन बसायला लागले. पहिले दोन दिवस आईने नाश्त्याला ऑलिव्ह बाजूला सारले, तिसऱ्या दिवशी हिरवे खाल्ले, काळे अजून नाहीत. चहासाठी तिने मालकिणीच्या स्वयंपाकघरात शिरून दूध, आलं, साखर घालून पातेलंभर उकळला आणि मालकिणीलाच पाजला. ती बाई "चोक ग्युझेल" (फार छान) म्हणाली खरी पण कप अर्धा राहिला होता.

तिथे ची कोफ्ते नावाचा प्रकार कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो, दुकानातला बिनमांसाचा असतो, बुलगुर आणि तिखट मसाला, मी आणि बायकोने रोज खाल्ला. आई काही केल्या तयार नाही, म्हणे नावातच छी आणि कोफ्ता.

बाबांनी शेवटच्या रात्री वेटरला हात करून मराठीतच "हिशेब" म्हटलं आणि तो बिल घेऊन आला. तुर्कीत बिलाला हेसाप म्हणतात. आता घरी आल्यापासून हे रोज एकाला फोनवर सांगून होतंय.

कोन्याआल्तीला केएल ०८ ने गेलो, लेक बाहेर यायला तयार नव्हती. रबरी बुटांबद्दल चिंचगुळ यांचे विशेष आभार, माझे मी घेतले नव्हते.

नगरी_नग
बरं झालं सुखरूप आलात. त्या व्हिडिओवाल्या हॉटेलचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करता का? मेव्हणा विचारतोय.

काळा_चहा
@नगरी_नग मेव्हणा, बरं. केलाय व्यनि.