सारकॉइडोसिस: फुप्फुसातली सूज उरली आहे की नुसते व्रण, कसं ओळखायचं?

मदत हवी आहे. आई, वय ५२, घाटंजी तालुक्यातलं खेडं. आधी टीबी समजून काही महिने गोळ्या दिल्या, मग नागपुरात दुर्बिणीतून गाठीचा तुकडा तपासल्यावर सारकॉइडोसिस (फुप्फुसात आणि इतर अवयवांत सुजेच्या बारीक गाठी होण्याचा आजार) निघालं. प्रेडनिसोलोन (सूज कमी करणारं स्टेरॉइड) ४० मिलिग्रॅमपासून कमी करत आता १० वर आहे.

१० वर आल्यापासून कोरडा खोकला परत आलाय. विहिरीपर्यंत चालून आली की ऑक्सिमीटर ९७ वरून ९१ वर येतो (बोटं गरम करून दोनदा पाहिलं). एक्स-रे आधीसारखाच, रक्तातलं एसीई (या आजारात वाढू शकणारं एक एन्झाइम) नॉर्मल, पण त्यावर फार विसंबू नये असं डॉक्टरच म्हणाले. फुंकण्याच्या तपासणीत एफव्हीसी (पूर्ण श्वास घेऊन जोरात बाहेर टाकलेली एकूण हवा) फारसा घटलेला नाही. थुंकीत टीबी नाही. ईसीजी, डोळे तपासून झाले. कापूस वेचणीला जाणं बंद केलंय, घरी चूल नाही, गॅस आहे.

डॉक्टर म्हणतात, डीएलसीओ (फुप्फुसातून रक्तात वायू किती नीट जातो ते मोजणारी तपासणी) करा, नाहीतर पेट-सीटी (सूज अजून चालू आहे का ते दाखवणारं स्कॅन). दोन्हीसाठी नागपूर, म्हणजे अख्खा दिवस आणि मजुरी बुडणार. त्यात स्टेरॉइडमुळे साखर वाढलेली, आणि साखर जास्त असली तर पेटचं चित्र नीट येत नाही म्हणे. गोळी आम्ही मनाने वाढवणार नाही.

ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांनी सांगा: आधी डीएलसीओ करून, तो घटला असेल तरच पेट केलं तर चालतं का? आणि पेटआधी साखर किती खाली आणायला सांगितली होती?