काळ्या जमिनीत माती धुणं जमत नाही भाऊ

वरच्या पोस्टमध्ये एक दादा म्हणतात डिझेल सांडलेली माती धुतली की झालं, पण ते रेताड जमिनीचं काम हाये. सॉइल वॉशिंगमध्ये माती चाळून पाण्यात घुसळतात, रेती-गोटे साफ होऊन निघतात अन् घाण बारीक चिकणमातीला चिकटून राहते, तेवढीच मग वेगळी उचलायची. आपली काळी तर बहुतेक चिकणच, वेगळं काय काढता, नुसता चिखल होईल!

अन् सॉइल हेल्थ कार्डावर (सरकारी माती-तपासणीचा कागद) जाऊ नका, त्यात नत्र-स्फुरद-पालाश, सामू (pH) धरून १२च गोष्टी येतात, डिझेल नाही की शिसं नाही. डिझेल तपासायचं तं मातीचा नमुना लॅबमध्ये काचेच्या बरणीत, झाकण घट्ट लावून न्या. मी खताच्या पिशवीत नेला होता तं लॅबवाल्यानं वापस पाठवलं.