दिवसाला पाच-सहा लिटर पाणी, तरी वडिलांच्या पोटऱ्यांत गोळे. मदत हवी आहे

वऱ्हाडी_पाऊल: तीन दिवस झाले, रात्री वडिलांच्या पोटऱ्यांत गोळे येतात. डोकं जड, मळमळ. पाणी भरपूर पितात. अजून किती द्यायचं? लवकर सांगा, उद्या साइटवर जायचंय त्यांना.

कडुलिंब: वय? काम उन्हात का? गोळ्या कुठल्या चालू आहेत? लघवीचा रंग?

तांब्याभांडं: आरओचं पाणी बंद करा, क्षार निघून जातात त्यात. रात्रभर तांब्यात ठेवलेलं द्या.

कडुलिंब: घामाच्या एका लिटरमागे साधारण 1 ते 4 ग्रॅम मीठ जातं. ते कुठल्याच पिण्याच्या पाण्यातून भरून निघत नाही, भांडं कुठलंही असो.

वऱ्हाडी_पाऊल: वय 61. नागपूर, 10 ते 5 उन्हात. लघवी अगदी पांढरी, पाण्यासारखी. बीपीची गोळी आहे, पण ती जुनीच. तिचा काय संबंध?

मीठभाकर: ताकात पाव चमचा मीठ घालून तीन ग्लास द्या, गोळे थांबतील.

कडुलिंब: @मीठभाकर, बीपीच्या माणसाला तपासणीआधी मीठ वाढवायला सांगू नका.

मीठभाकर: सात तास घाम गाळून अळणी खायचं का मग?

निळा_डोंगर: पाणी कमी करू नका हं. मुतखडा टाळायचा तर रोज अडीच लिटर लघवी व्हायला हवी.

कडुलिंब: मुतखड्याचा प्रश्नच नाहीये इथे. @वऱ्हाडी_पाऊल, गोळीच्या पट्टीवर हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन लिहिलंय का? या गोळ्या लघवीवाटे सोडियम, म्हणजे मिठातला क्षार, बाहेर काढतात. त्यात घाम, आणि वरून नुसतं पाणी. रक्तातलं सोडियम पातळ होतं, त्यानेही डोकं दुखतं, मळमळतं.

वऱ्हाडी_पाऊल: क्लोरथॅलिडोन 12.5 आहे! ओआरएसचं अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात देऊ?

कडुलिंब: नको. 20.5 ग्रॅमचं पाकीट अख्खंच, एक लिटर पाण्यात घालायचं असतं. दाट झालं तर आतड्यात पाणी खेचलं जातं, जुलाब लागतात. आणि सोडियम खरंच उतरलं असेल तर घरी अंदाजाने काहीच नको. तहानेपुरतंच पाणी द्या. सकाळी सीरम इलेक्ट्रोलाइट्स (रक्तातल्या क्षारांची तपासणी) करा, सोडियम 135 ते 145 हवं. गोळी बदलायची की नाही ते डॉक्टर ठरवतील, आपण होऊन बंद करू नका. उलटी, गुंगी, असंबद्ध बोलणं, आकडी (फिट) यातलं काही आहे का?

वऱ्हाडी_पाऊल: संध्याकाळी दोनदा उलटी झाली. लिहायचं राहिलं.

कडुलिंब: मग सकाळपर्यंत थांबू नका. आत्ताच इमर्जन्सीत न्या. गोळ्यांची पट्टी सोबत घ्या, आणि दिवसभरात किती पाणी प्यायले ते तिथे सांगा.