मदत हवी आहे: सोडियम आयोडाइड डिटेक्टरचे कॅलिब्रेशन ६० केईव्हीला (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचे एकक) चुकते

गॅमा किरणांचा डिटेक्टर २ बाय २ इंचाचा सोडियम आयोडाइड (थॅलियम मिसळलेला क्रिस्टल, किरण पडला की प्रकाश देतो), १०२४ चॅनेल (सिग्नलच्या उंचीनुसार नोंदींचे कप्पे; कोणता चॅनेल म्हणजे किती ऊर्जा हे ठरवणे म्हणजे कॅलिब्रेशन). मातीतले पोटॅशियम-४० (१४६१ केईव्ही) आणि थोरियम मालिकेतली २६१४ ची गॅमा रेषा (ठरावीक ऊर्जेचे किरण) पाहायची आहे, पण शिशाचे ७५ केईव्हीच्या आसपासचे क्ष-किरणही नीट ओळखता यायला हवेत.

ऊर्जा माहीत असलेल्या स्रोतांची मिळालेली शिखरे (नोंदी जिथे सर्वाधिक येतात तो चॅनेल):
अमेरिशियम-२४१ (५९.५ केईव्ही): चॅनेल २२
सीझियम-१३७ (६६१.७): २२१
कोबाल्ट-६० (११७३.२ आणि १३३२.५): ३८५ आणि ४३६

सीझियम-कोबाल्टवरून सरळ रेषा काढली तर अमेरिशियम ५९.५ ऐवजी ४१ वर येते. चारही बिंदूंतून द्विघाती वक्र घेतला की खालची बाजू जमते, पण कंदिलाच्या जुन्या मेंटलमधल्या थोरियमचे २६१४ चे शिखर (चॅनेल ८४७) २६७० च्या पुढे जाते. सरळ रेषेने तेच शिखर अगदी बरोबर बसते!

तासभर वॉर्म-अप दिला, एसी चालू होता, व्होल्टेज बदलले नाही. डेड टाइम (आधीची नोंद चालू असल्याने पुढची निसटते तो वेळ) ५ टक्क्यांच्या आत. शिखरे पार्श्वभूमी वजा करून गॉसियन फिटने (घंटेच्या आकाराचा वक्र बसवून) घेतली आहेत. स्रोत एवढेच आहेत, बेरियम-१३३ (कमी ऊर्जेच्या रेषा देणारा स्रोत) मिळण्यासारखे नाही.

कमी ऊर्जेला या क्रिस्टलचा प्रकाश प्रति केईव्ही जास्त पडतो हे माहीत आहे. पण पल्सर (ठरावीक उंचीचे कृत्रिम सिग्नल देणारे उपकरण) नसताना या फरकातला किती वाटा क्रिस्टलचा आणि किती एडीसीच्या (सिग्नलचा चॅनेल-आकडा करणारा भाग) झीरोचा, म्हणजे शून्य ऊर्जा नेमकी चॅनेल ० वर न येण्याचा, हे कसे वेगळे करायचे? आणि तोवर ६६२ च्या वर सरळ रेषा, खाली वेगळा वक्र असे दोन तुकडे वापरले तर चालेल का?