मदत हवी आहे: मेमरी चिपवाले तोटा जाहीर करतात आणि शेअर चढतो, हे गणित काय?

नमस्कार मंडळी,

मी या बाजारात हौशीच. एलआरएसमधून (परदेशात पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची सोय) थोडे डॉलर पाठवून जानेवारी २०२२ मध्ये मायक्रॉन या अमेरिकन मेमरी चिप कंपनीचे २० शेअर घेतले, ९४ डॉलरच्या आसपास. (हो, टोकाला घेतले. हसून घ्या.) २८ मार्च २०२३ ला तिमाही निकाल होता. अमेरिकेचा बाजार तेव्हा आपल्याकडे रात्री दीडला बंद होत होता, निकाल त्यानंतर. तोटा होणार हे सगळेच सांगत होते, म्हणून एक वाजता, बायको "आता झोपा" म्हणत असताना, सगळे ५९ला विकले आणि शांत झोपलो.

सकाळी चहा गाळता गाळता मोबाइल उघडला. निकाल माझ्या भीतीपेक्षाही वाईट: तिमाहीत २३१ कोटी डॉलरचा तोटा. वाटलं, वाचलो! त्या रात्री शेअर ७ टक्के वर.

मग सॅमसंगचं बघत बसलो, तर तिथे आणखी गोंधळ. ३१ जानेवारीला चिप विभागाने २७ हजार कोटी वॉनचा नफा दाखवला. नगण्य, पण नफाच. शेअर साडेतीन टक्के पडला. ७ एप्रिलला कंपनीचा एकूण नफा ९६ टक्के घटल्याचं सांगितलं, चिप विभाग तोट्यात हे उघडच होतं, तर शेअर ४ टक्के चढला. २७ एप्रिलला चिप विभागाचा आकडा आला: ४.५८ लाख कोटी वॉन, म्हणजे आपले २८ हजार कोटी रुपये तोटा. चौदा वर्षांत पहिल्यांदाच.

टिप नकोत. हे निकाल वाचायचे कसे, एवढंच कुणी समजावेल का?

लासलगावकर: दादा, तुम्ही नफा-तोटा बघितलात, बाजार पुरवठा बघत होता. जानेवारीत सॅमसंग उत्पादन कमी करायला तयार नव्हती. ७ एप्रिलला कपात करतो म्हणाली. त्या दिवशी एसके हायनिक्स या दुसऱ्या कोरियन मेमरी कंपनीचा शेअरही ६ टक्के चढला, आणि त्याचा तर निकालही नव्हता! आमच्याकडे कांदा पडला की जो तो म्हणतो पुढच्या साली लागवड कमी करा, पण शेजाऱ्याने. इथे डीरॅम (संगणक-मोबाइलमधली मुख्य मेमरी) पिकवणारे मोठे शेतकरी तीनच, आणि त्यातला सगळ्यात मोठा शेवटपर्यंत अडून बसला होता. तो हलला.

शिवाय मायक्रॉनच्या तोट्यातले १४३ कोटी डॉलर हे साठ्याचं मूल्य वहीत खाली आणल्यामुळे आहेत. त्यासाठी तिजोरीतून पैसा गेलेला नाही. तोच माल पुढे विकला जाईल तेव्हा मार्जिन बरं दिसेल.

जुना खातेदार: कांद्याचं ठीक, पण एक लक्षात ठेवा. वेफर (ज्यावर चिप घडवतात ती सिलिकॉनची चकती) कारखान्यात गेल्यापासून चिप बाहेर पडेपर्यंत तीनेक महिने जातात. आज कपात म्हणजे उद्या टंचाई नव्हे. मार्च २०२३ च्या निकालात मायक्रॉनकडे ८०० कोटी डॉलरहून जास्त माल पडून होता. निकालात आधी तो साठा बघा, मग नवीन यंत्रांवरचा खर्च कमी करतायत का ते. तोटा सगळ्यात शेवटी. पी/ई (शेअरचा भाव भागिले प्रति शेअर नफा) तर या धंद्यात उलटा चालतो: मंदीत नफाच नसल्याने निघतच नाही आणि तेजीच्या टोकाला स्वस्त दिसतो. तुम्ही घेतलेत तेव्हा किती होता?

धागाकर्ता: पंधराच्या आत. स्वस्त म्हणूनच तर घेतला होता हो! साठा बघायचा हे कळलं. पण तो डॉलरमध्ये बघू की किती दिवस पुरेल त्यावर? मूल्यच खाली आणलं असेल तर डॉलरमधला साठा आपोआप कमी दिसणार ना?