मदत हवी आहे : 'रिफ्लेक्स'साठी बोलीतला मराठी शब्द

नमस्कार मंडळी. मी इंदूरला फिजिओथेरपिस्ट आहे. रामबागेतल्या मराठी ज्येष्ठांसमोर 'रिफ्लेक्स'वर बोलायचंय आणि शब्दापाशीच गाडी अडली आहे.

गुडघ्याच्या वाटीखाली हातोडी मारली की पाय उडतो. संदेश मज्जारज्जूपर्यंत जाऊन तिथूनच परत फिरतो, मेंदूच्या हुकमाची वाट बघत नाही. मूळ लॅटिन 'रिफ्लेक्टेरे', म्हणजे मागे वाकवणे. रिफ्लेक्शन त्यातलंच, आणि आरशानं प्रकाश वळवणारा रिफ्लेक्स कॅमेराही. 'फ्लेक्सिबल' चुलत घरातलं. १८० अंशांहून मोठ्या कोनालाही इंग्रजीत रिफ्लेक्सच म्हणतात. आपल्या भूमितीत तो प्रविशाल कोन.

मराठी पुस्तकांत 'प्रतिक्षिप्त क्रिया' आहे. तिच्यात फेकण्याचा अर्थ (क्षिप्). इकडे मुलं हिंदीतून 'प्रतिवर्ती क्रिया' शिकतात, त्यात वळण्या-फिरण्याचा (वृत्). मला हिंदी शब्द मुळाच्या जास्त जवळचा वाटतो, पुणेकरांनी रागावू नये! पण आजी-आजोबांपुढे दोन्ही जडच.

तर, तुमच्याकडे बोलताना काय म्हणतात? 'आपसूक हालचाल' चालेल का? त्यात परत फिरणं येत नाही, ही माझी अडचण. दुसरं म्हणजे रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हचा कंडिशन्ड रिफ्लेक्स, म्हणजे जन्मजात नसून अनुभवातून अंगवळणी पडलेला. चिंच नुसती दिसली तरी तोंडाला पाणी सुटतं, हे उदाहरण घेतलंय, पण 'अभिसंधित प्रतिक्षेप' म्हटलं की सभा झोपेल. 'सवयीनं जडलेला' म्हणू की आणखी काही सुचतंय? डॉक्टर आणि शिक्षक मंडळींनी जरूर सांगा.